कापूस, कर्ज आणि साम्राज्य

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, तोफांची सलामी हे सारे वर्णन महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, २१ मे रोजी, हैदराबादेत निजामाशी एक तह झाला आणि वऱ्हाडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेला. या दुसऱ्या तारखेची आठवण खुद्द वऱ्हाडातही फारशी कोणी काढत नाही. दोन्ही वेळी गव्हर्नर जनरल एकच होता, लॉर्ड डलहौसी. दोन्ही घटनांच्या मधे, २० एप्रिलला, त्याने हिंदुस्थानातल्या रेल्वेविषयीचे आपले विस्तृत टिपण लिहिले. इंग्लंडला कापसाची निकड आहे, हिंदुस्थानात कापूस पिकतो, तो बंदरापर्यंत आणण्याची सोय झाली की आणखी कितीतरी पिकेल, असा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. गाडी एका हातात आणि कापसाची काळी जमीन दुसऱ्या हातात, असा तो उन्हाळा होता.

या पुस्तकाचा विषय औद्योगिक युगातला पाश्चात्त्य साम्राज्यवाद हा आहे. मराठीत हा विषय बहुधा लढायांच्या, तहांच्या आणि रंगवलेल्या नकाशांच्या वाटेने येतो. त्या वाटेने गेले की कोणी कोणाला हरवले ते कळते, पण हरवण्याची गरज कोणाला आणि कशासाठी पडली ते नीट कळत नाही. म्हणून येथे कापसाचा पाठलाग केला आहे: मँचेस्टरहून अमेरिकेत, तिथून वऱ्हाडात, वऱ्हाडातून इजिप्तमध्ये. हा पाठलाग करताना प्रत्येक मुक्कामी एक गोष्ट आधीच येऊन बसलेली आढळते, ती म्हणजे कर्ज. राजाचे कर्ज, राज्याचे कर्ज आणि शेवटी शेतकऱ्याचे कर्ज. तोफा, आगबोटी, क्विनीन, मॅक्झिम बंदूक यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण एकोणिसाव्या शतकात अनेक ठिकाणी सत्ता आधी हिशेबाच्या वहीत बदलली आणि मग किल्ल्यावर, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे.

आधीच्या आणि या साम्राज्यात फरक काय, हा पहिला प्रश्न. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगिजांना मिरी हवी होती. सुरतेला वखार घालणाऱ्या इंग्रजांना इथले कापड हवे होते. इथे तयार होणारा माल घ्यायचा, त्याच्या मोबदल्यात बहुतांशी चांदी द्यायची आणि युरोपात तो चढ्या भावाने विकायचा, हा तो व्यापार होता. त्यात जुलूम नव्हता असे नाही. गोव्यातल्या धर्मछळाची आठवण कोकणात अजून जिवंत आहे. पण लिस्बनला किंवा लंडनला इथल्या शेतात काय पेरले जाते यात हात घालण्याची गरज नव्हती. ती गरज यंत्राने निर्माण केली. आर्कराइटची सूतकताई, क्रॉम्प्टनचे म्यूल, वॉटचे वाफेचे इंजिन हे सगळे १७६९ ते १७८५ या थोड्या वर्षांत पुढे आले आणि लँकेशायरमध्ये सूत इतके स्वस्त झाले की हाताने कातणाऱ्याला त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य झाले. यंत्राला मात्र एक अट होती. ते थांबून चालत नव्हते. गिरणीत गुंतलेले भांडवल, त्यावरचे व्याज आणि हजारो कामगारांची मजुरी हे सारे दररोज कापूस मागत होते, आणि कापूस इंग्लंडच्या मातीत उगवत नाही.

एकोणिसाव्या शतकाची पहिली साठ वर्षे हा कापूस मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडून आला. १७९३ मध्ये एलाय व्हिटनीने सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले, आणि गुलामीची प्रथा हळूहळू मरेल अशी ज्यांना आशा होती त्यांची निराशा झाली. १८६० साली त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती आणि ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्या हातांनी वेचला जात होता. स्वतंत्र मजुरी आणि मुक्त व्यापार यांचा जयघोष करणारे शहर गुलामांच्या वेचणीवर उभे होते, हे मँचेस्टरमधल्या लोकांनाही दिसत होते. त्यांची काळजी मात्र बहुतेक वेगळी होती: उद्या तिकडे गुलामांनी बंड केले किंवा युद्ध पेटले तर गिरण्यांचे काय? १८५७ मध्ये त्यांनी कापूस पुरवठ्यासाठी एक संघटनाच काढली आणि जगाच्या नकाशावर काळी माती शोधायला सुरुवात केली.

वऱ्हाड त्याच्या आधीच हाती आले होते. कसे आले ते तपशिलाने सांगायला हवे, कारण पुढे जगभर जे घडले त्याचा साचा त्यात आहे.

निजामाने १७९८ च्या तहाने तैनाती फौज पत्करली होती आणि १८०० च्या तहाने तिच्या खर्चासाठी मुलूखही तोडून दिला होता. पण त्याशिवाय ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची आणखी एक फौज त्याच्या पैशाने उभी राहिली. तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा आणि पगार निजामाचा. १८०० च्या तहात शांततेच्या काळात अशी कायमची फौज पोसण्याचे बंधन निजामावर नव्हते. पगार थकले की ते कंपनीच्या खजिन्यातून दिले जायचे आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे मांडली जायची. अशा रीतीने ज्या सैन्यावर त्याची सत्ता नव्हती त्या सैन्यासाठी निजाम कर्जबाजारी झाला. डलहौसीने त्या कर्जाच्या वसुलीसाठी आणि पुढच्या पगाराच्या हमीसाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश मागितले. निजाम नासिरुद्दौला महिनाभर अडून राहिला, मग नमला. त्याचा दिवाण सिराज-उल-मुल्क तहानंतर आठवड्याच्या आतच वारला आणि त्याचा चोविशीतला पुतण्या सालारजंग दिवाणपदी आला.

१८६० मध्ये, सत्तावनच्या उठावात हैदराबाद शांत राहिल्याचे बक्षीस म्हणून, कर्ज माफ झाले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. उलट त्या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाला देण्याच्या बंधनातून इंग्रज सरकार मोकळे झाले. कर्ज नाहीसे झाले आणि गहाण तेवढे राहिले. सालारजंगाने पुढची वीस वर्षे वऱ्हाड परत मिळवण्यासाठी खर्ची घातली. फौजेच्या पगाराची कायमची तरतूद होईल एवढे भांडवल रोख ठेवतो, वऱ्हाड सोडा, असा प्रस्ताव त्याने दिला. १८७६ मध्ये तो स्वतः इंग्लंडला गेला. मानसन्मान भरपूर झाला, वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडले. कर्ज फेडण्याची ऐपत आणि तयारी असलेल्या माणसाकडून धनको पैसे घ्यायला तयार नाही, तेव्हा त्याला कर्जाची फेड हवी होती असे म्हणता येत नाही. त्याला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन हवी होती.

आणि एप्रिल १८६१ मध्ये मँचेस्टरची भीती खरी ठरली. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेच्या बंदरांना वेढा पडला आणि लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडू लागल्या. त्या उपासमारीतही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा भरवून गुलामीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनला पाठिंबा कळवला आणि लिंकनने त्यांना उत्तर लिहिले. साम्राज्याच्या इतिहासात ‘इंग्रज’ हा एकच माणूस असल्यासारखे आपण बोलतो, म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवतो.

मुंबईत त्या चार वर्षांत चांदीचा पूर आला. पुढचा भाग, म्हणजे प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या भरावाचे शेअर, १८६५ मध्ये युद्ध संपताच झालेली पडझड, पुष्कळांना माहीत आहे; राजाबाई टॉवर त्या काळाची साक्ष देत उभा आहे. शहराबाहेर काय झाले ते कमी सांगितले गेले. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कहाण्या तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितल्या आहेत. कोण्या एखाद्याने बसवल्याही असतील. पण त्या चार वर्षांनी शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट दिली: पत. ज्याच्या दारी सावकार कधी आपण होऊन आला नव्हता त्याला आता कर्ज सहज मिळू लागले, कारण त्याच्या शेताला लिव्हरपूलमध्ये भाव होता.

युद्धानंतर अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव उतरले. मात्र वऱ्हाडाची मांडणी तोवर बदलायला लागली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. जलंबहून खामगावचा फाटा १८७० च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. एका बाजारगावच्या आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या गावातल्या गासड्यांचे वजन समजावे. त्याच सुमारास सुएझचा कालवा खुला झाला होता आणि समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता महिन्यांनी नव्हे, तासांत कळू लागला. लमाणांचे तांडे, जे वऱ्हाडाचा कापूस बैलांच्या पाठीवर घालून दूर मिर्झापूरपर्यंत नेत आणि कोकणातून मीठ आणत, दोन दशकांत रस्त्यावरून नाहीसे झाले. पुढे १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का बसला. वाहतुकीचा धंदा गेलेल्या लोकांच्या वाट्याला नंतर काय आले, ते सांगताना हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागते.

या साऱ्या व्यवस्थेमागचा विचार एका सरकारी अधिकाऱ्याने इतका स्वच्छ लिहून ठेवला आहे की तो वाचल्यावर कारणांविषयीची बरीच चर्चा अनावश्यक वाटू लागते. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. १८६० च्या दशकाच्या अखेरीच्या आपल्या अहवालात तो सांगतो ते थोडक्यात असे: कापसाच्या मुलखात रेल्वेचा फाटा नेला तर विलायती कापड इथे इतके स्वस्त पोहोचेल की इथल्या कापडाला मागे टाकील. मग इथे कातायला-विणायला लागणारा कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल. शिवाय कातणारे आणि विणणारे लोक शेतमजुरीला उपलब्ध होतील आणि त्यांच्या श्रमाने पडीक जमीन लागवडीखाली येऊन आणखी कापूस पिकेल. कच्चा माल, बाजारपेठ आणि मजूर, तिन्ही एकाच फाट्याने. हा माणूस क्रूर नव्हता. तो कार्यक्षम होता, आपल्या कामावर त्याचे प्रेम होते आणि हे सगळे लोकांच्या भल्याचे आहे असे त्याला मनापासून वाटत असावे. साम्राज्य समजून घ्यायचे तर मला सुदानातल्या ओमडुर्मानच्या रणांगणापेक्षा हा अहवाल अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्याची इच्छा पूर्णपणे फळली नाही, हेही सांगितले पाहिजे. हातमाग मेला नाही. नागपूर-उमरेडचे कोष्टी, पैठण-येवल्याचे विणकर गिरणीचे सूत वापरून टिकून राहिले. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव आणि भिवंडी ही मागांची गावे वाढवली. ‘इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले’ ही दंतकथा सांगत राहण्याने खऱ्या घावाकडे दुर्लक्ष होते. खरा घाव सूतकताईवर पडला. कातण्याचे काम घरोघरच्या बायका करीत. विधवा, म्हाताऱ्या, शेतात काम नसलेल्या दिवसांत घरी बसलेल्या साऱ्याजणींना त्यातून चार पैसे मिळत. ते पैसे कुठल्या जमाबंदीत नोंदले जात नव्हते, म्हणून ते गेल्याची नोंदही कुठे नीट झाली नाही. मला उपलब्ध साधनांत या विषयावर फार थोडे सापडले, आणि या पुस्तकातले त्यावरचे प्रकरण त्यामुळे तोकडे आहे.

आता शेतकऱ्याच्या कर्जाकडे. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा, पीक येवो न येवो. जमीन खातेदाराच्या नावावर असल्यामुळे ती गहाण पडू शकते, विकली जाऊ शकते. दिवाणी कोर्ट खतावरची सही किंवा अंगठा पाहते, व्यवहार कसा झाला ते पाहत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने जुने खत तीन वर्षांनी निरुपयोगी होऊ लागले. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. घडले असे की दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. त्यात पुणे जिल्ह्यात १८६७ पासून नव्या जमाबंदीने सारा वाढला. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला आणि १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात सावकारांची घरे-दुकाने फोडून खते, दस्त, हुकूमनामे यांची होळी झाली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत तेच घडले. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. लोकांना माणूस नको होता, कागद हवा होता.

सुपे-शिरूर हा काही कापसाचा मुलूख नाही, आणि अमेरिकेच्या युद्धापासून दख्खनच्या दंग्यापर्यंत सरळ रेघ ओढणाऱ्या लेखनाशी मी सहमत नाही. सारावाढ, कोर्ट आणि मुदतीचा कायदा ही तिथली जवळची कारणे. पण साठच्या दशकात सैल झालेली आणि नंतर एकदम आवळलेली पत हीदेखील त्यांतली एक होती, असे दंग्यानंतरच्या चौकशी आयोगापुढे आलेल्या पुराव्यावरून दिसते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. वऱ्हाडात मात्र कापूस वाढतच गेला. ज्वारीची रानेही कापसाकडे गेली, आणि ज्या पेवांत दोन-तीन वर्षांचे धान्य असे ती रिकामी राहू लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे आणि गुरे मोठ्या संख्येने दगावली. शेतात नगदी पीक घेणाऱ्या, रेल्वेने बंदराशी जोडलेल्या मुलखात हे घडले. रेल्वे धान्य आणू शकते, पण ते विकत घ्यायला गाठीला पैसे असावे लागतात.

याच काळात इजिप्तमध्ये तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तिथला राज्यकर्ता महंमद अली याने १८२० च्या दशकात नाईलकाठी लांब धाग्याचा कापूस वाढवला होता. अमेरिकेच्या युद्धात त्याला सोन्याचा भाव आला आणि १८६३ मध्ये गादीवर आलेल्या खेदिव इस्माईलने त्या भावाच्या भरवशावर लंडन-पॅरिसच्या पेढ्यांकडून कर्जे उचलली. रेल्वे, कालवे, शाळा, राजवाडे, सुएझ. काही उपयोगाचे, काही दिमाखाचे. भाव पडले, कर्ज राहिले. १८७५ मध्ये त्याने सुएझ कालव्यातले आपले शेअर सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटिश सरकारला विकले. १८७६ मध्ये कर्ज सुमारे ९ कोटी पौंडांवर गेले होते आणि धनको राष्ट्रांनी कैरोत वसुलीचे स्वतंत्र कार्यालयच उघडले. १८७९ मध्ये इस्माईलला पदच्युत केले. परक्यांच्या या हुकमतीविरुद्ध कर्नल उराबीच्या नेतृत्वाखाली लष्कर आणि लोक उठले, तेव्हा ११ जुलै १८८२ रोजी ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि १३ सप्टेंबरला तेल-अल-कबीरला उराबीचा पराभव झाला. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणी होत्या आणि तिच्या खर्चाचा काही भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला.

या कहाणीत एव्हलिन बेअरिंग नावाचा एक माणूस आहे. लंडनच्या प्रसिद्ध सावकारी घराण्यातला. १८७७ पासून तो कैरोतल्या त्या वसुली कार्यालयाचा आयुक्त होता. १८८० मध्ये तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसदस्य म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८८२ च्या मार्चमधल्या त्याच्या अंदाजपत्रकाने विलायती कापडावरची उरलीसुरली आयात जकात रद्द केली. जाडेभरडे कापड व्हाइसरॉय लिटनने १८७९ मध्येच, आपल्या कौन्सिलातल्या बहुमताला डावलून, जकातमुक्त केले होते. पुढच्या वर्षी बेअरिंग परत इजिप्तला गेला आणि १९०७ पर्यंत, अखेर लॉर्ड क्रोमर या नावाने, त्याने तो देश चालवला. त्याच्या काळात नाईलवर धरण झाले, शेतकऱ्यांची वेठबिगार बऱ्याच अंशी थांबली, कर्जाचे हप्ते वेळेवर गेले आणि इजिप्तची निर्यात जवळजवळ सगळी कापसाचीच झाली. मुंबईच्या गिरण्या आणि नाईलकाठचा शेतकरी, फेल्लाह, यांचा इतिहास आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. त्यांच्यावर निर्णय घेणारा माणूस एकच होता आणि त्याच्या डोक्यातला हिशेबही एकच होता.

आफ्रिकेची वाटणी, बर्लिनची परिषद, लिओपोल्डच्या काँगोत रबरासाठी झालेले अत्याचार यांवर मराठीत निदान थोडे तरी वाचायला मिळते, म्हणून त्यांना येथे दोनच प्रकरणे दिली आहेत. जर्मन पूर्व आफ्रिकेतला १९०५ चा माजी-माजी उठाव मात्र अधिक जागा घेतो. तिथे सक्तीने कापूस पेरायला लावलेल्या गावकऱ्यांनी उठावाची सुरुवात शेतातली कापसाची झाडे उपटून केली. रशियानेही ताश्कंद घेतल्यावर तुर्कस्तानच्या ओलिताखालच्या जमिनीत अमेरिकन बियाणे लावले. कैसर, झार आणि मँचेस्टर यांच्यात राजकीयदृष्ट्या काडीचे साम्य नव्हते. त्यांच्या गिरण्यांची भूक सारखी होती.

साम्राज्यवादाच्या कारणांविषयी पाश्चात्त्य विद्वानांत शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. १९०२ मध्ये हॉब्सनने म्हटले की देशात गुंतवायला जागा न उरलेले भांडवल बाहेर पडते आणि आपल्यामागे सैन्य ओढून नेते. लेनिनने त्यावर आपली मांडणी उभारली. विरोधकांनी दाखवून दिले की ब्रिटिश भांडवल जास्त करून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना येथे गेले, आफ्रिकेच्या जंगलांत नव्हे. हा आक्षेप खरा आहे. पण आपल्याकडून पाहिले की वाद थोडा वेगळा दिसतो. ब्यूनस आयर्सला दिलेल्या कर्जासाठी तिथला कारभार इंग्रजाने हाती घेतला नाही. कैरोत आणि हैदराबादेत घेतला. भांडवल कुठे अधिक गेले यापेक्षा ते कुठे सत्ता बनून बसले, हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो. आणि त्याच्या उत्तरात वंशश्रेष्ठत्वाची भावना, इतर युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा आणि हिंदुस्थानच्या वाटेची चिंता या साऱ्यांना जागा द्यावी लागते.

हे प्रश्न विचारायला मराठी माणूस हॉब्सनसाठी थांबला नव्हता, हे येथे अभिमानाने नमूद करतो. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्याने चाललेल्या आर्थिक शोषणावर थेट बोट ठेवले. दोनच वर्षांनी रामकृष्ण विश्वनाथांचे हिंदुस्थानच्या प्राचीन आणि तत्कालीन स्थितीवरचे पुस्तक आले. पुढे दादाभाईंनी संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडला, रानडे यांनी औद्योगिक धोरणाचा अभ्यास केला, ‘सार्वजनिक काका’ खादी अंगावर घालून १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वेगळाच कोन धरला: गोरा अधिकारी, त्याच्या कचेरीतला उच्चवर्णीय कारकून आणि सावकार हे शेतकऱ्याला एकाच साखळीत बांधतात. फुल्यांशिवाय हा विषय मांडला तर साम्राज्य म्हणजे फक्त गोरे आणि काळे यांचा झगडा होऊन बसतो.

कारण आपल्यातले पुष्कळ लोक या व्यवस्थेत होते आणि तिच्यातून श्रीमंत झाले. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या नफ्यातून मुंबईत धर्मादाय इस्पितळे आणि पुढे गिरण्या उभ्या राहिल्या. १८६८ मधली अबिसिनियावरची स्वारी मुंबईच्या फौजेने, मुंबईच्या गोदीतून केली. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या, उपाशी राहिल्या, कैदेत मेल्या. त्यांची स्मारके आपल्या गावांत आहेत. मेसोपोटेमियातल्या लोकांच्या आठवणीत ते कोणाचे सैन्य होते, हेही आपल्याला विचारता आले पाहिजे.

आता परिणामांविषयी. रेल्वे, तार, विद्यापीठ, कायदा हे एका पारड्यात आणि दुष्काळ, लूट, अपमान दुसऱ्यात, अशी तागडी धरणे मी टाळले आहे. कोणाच्या निर्णयाने, कोणाच्या सोयीसाठी, कोणाच्या खर्चाने हे प्रत्येक गोष्टीला विचारले की चित्र अधिक स्पष्ट होते. रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि तूट रयतेच्या करातून भरली जात होती. त्याच रेल्वेने गिरणगावात कामगार आणला. मुंबईतली पहिली गिरणी १८५४ मध्ये दावरांनी काढली, १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्यांची यंत्रे लँकेशायरच्याच कारखान्यांनी विकली; कापडवाल्याचे नुकसान हा यंत्रवाल्याचा फायदा होता. १८८१ चा कारखाना कायदा व्हावा म्हणून मँचेस्टरने जोर लावला तो मुंबईची स्पर्धा महाग व्हावी यासाठी, पण त्याच कायद्याचा आधार घेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची चळवळ उभी केली आणि रविवारची सुट्टी मिळवली. १८९६ मध्ये हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, केवळ आयात कापडाशी बरोबरी राहावी म्हणून, आणि तो १९२५ च्या अखेरपर्यंत टिकला. परिणाम असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

वऱ्हाडातल्या आजच्या शेतकऱ्याच्या मरणाचे कारण १८५३ मध्ये शोधावे, असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात राज्ये बदलली, एकाधिकार कापूस खरेदीची योजना आली आणि गेली, बियाणे बदलले, धोरणे आपणच आखली. त्या धोरणांची जबाबदारी साम्राज्यावर ढकलणे म्हणजे जिवंत माणसांना मोकळे सोडणे आहे. पण कोरडवाहू जमिनीत एकाच नगदी पिकावर विसंबलेले, भाव दूरच्या बाजारात ठरणारे आणि पेरणीआधीच कर्जात गेलेले शेत ही रचना निसर्गाने दिलेली नाही, ती घडवली गेली. ती कधी, कोणी आणि कोणत्या क्रमाने घडवली हे तपशिलाने सांगणे एवढे काम या पुस्तकाने अंगावर घेतले आहे.

शेवटी मांडणीविषयी. पहिले प्रकरण हैदराबादेतल्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीवर आहे, कारण निजामाच्या कर्जाची सवय १८५३ च्या कितीतरी आधी, या पेढीच्या काळात लागली. त्यानंतर प्रकरणे काळाच्या क्रमाने जातात. फक्त इजिप्तची प्रकरणे क्रम मोडून सुप्याच्या दंग्याला लागून घातली आहेत. वाचताना तारखांकडे लक्ष असू द्यावे: सुप्याच्या बाजारात खते जळाली ती १८७५ च्या मे महिन्यात, आणि इस्माईलने आपले शेअर विकले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.